सल्लागार निवडताना दराला किती वजन द्यायचं?

पाणलोटकर, परभणी
परदेशी कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांत सल्लागार संस्था कशी निवडावी, यावर बोलू या. सल्लागार अभियंत्यांचा जागतिक महासंघ ‘फिडिक’ (स्थापना १९१३) कित्येक वर्षं सांगतोय की आधी गुणवत्ता बघा, दराचं नंतर. मला हे पटतं. मी अशाच एका संस्थेत नोकरी करतो, म्हणजे यात माझं हित आहे, तेही आधीच सांगून ठेवतो.

पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपल्याला माहीत आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, मराठवाड्यातले आठही जिल्हे त्यात आले. शिवारफेरी, पाण्याचा ताळेबंद, सूक्ष्म नियोजन, या कामांत पैसा जातो तो माणसांच्या दिवसांवर. दर पाडला की पहिली कात्री त्या दिवसांना लागते. वेगळ्याच एका प्रकल्पात (नाव घेत नाही) मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यात कमी दराच्या संस्थेला काम मिळालं. प्रस्तावात भूजलतज्ज्ञाचं नाव होतं, पण तो गावात एकदाही आला नाही. अकरा गावांचे आराखडे एकाच साच्यातून काढलेले, आणि एकात तर शेजारच्या गावाच्या नाल्याचं नाव तसंच राहिलं होतं.

एक हिशेब मांडतो. पहिल्या संस्थेला तांत्रिक, म्हणजे गुणवत्तेचे, गुण ९२, दर १ कोटी. दुसरीला ७८, दर ६० लाख. सगळ्यात कमी दराला १०० गुण, त्या प्रमाणात पहिलीला ६०. गुणवत्तेला ८० टक्के आणि दराला २० टक्के भार दिला तर पहिली ८५.६, दुसरी ८२.४. तेच ७०:३० केलं तर पहिली ८२.४ आणि दुसरी ८४.६. काम तेच, माणसं तीच, आणि निकाल उलटा. भारांक कुणीतरी टेबलावर बसून सहज लिहून टाकतं आणि त्याचे परिणाम गाव पाच वर्षं भोगतं.

निवृत्त उपअभियंता, लातूर
गणित बरोबर आहे. पण ते ९२ आणि ७८ देतं कोण? दराचं पाकीट सगळ्यांसमोर फुटतं, आकडा मोठ्याने वाचला जातो. ‘कामाचं आकलन व कार्यपद्धती’ या रकान्याचे गुण मात्र समितीतले चार-पाच जण बंद खोलीत देतात. मी अशा समित्यांवर बसलोय. एकाला अठरा आणि दुसऱ्याला अकरा का, याचं उत्तर टिपणीत ‘समाधानकारक’ आणि ‘बऱ्यापैकी’ एवढंच असतं. गुणवत्तेचा भार वाढवणं म्हणजे त्या खोलीचं वजन वाढवणं. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी गुणवत्तेच्या भाराला ८० टक्क्यांची मर्यादा घातली, ती मला योग्य वाटते.

आणि लोक या परदेशी पैशाला मदत म्हणतात, ते कर्ज आहे. फेडायचं आपल्याच तिजोरीतून.

पाणलोटकर, परभणी
साहेब, त्या खोलीवर उपाय आहेत की. जागतिक बँकेची नवी खरेदी चौकट १ जुलै २०१६ पासून लागू आहे. तिच्यात बहुतेक मोठ्या निवडींत निकाल कळवल्यावर दहा कामकाजाचे दिवस करार करता येत नाही. त्या मुदतीत हरलेल्या संस्थेला कारण विचारता येतं, तक्रार करता येते. खोली बंद असेल तर दार उघडायला लावू. त्यासाठी दरालाच शरण का जायचं?

छोटी संस्था, नांदेड
तक्रार? ज्या कार्यालयाकडे आमचं मागचं बिल अडकलंय, त्याच्याच विरुद्ध? दहा दिवस द्या नाहीतर महिना द्या, छोटी संस्था तोंड उघडत नाही.

तुम्ही दोघं गुणांवर वाद घालताय, आम्ही तिथवर पोचतच नाही. स्वारस्य मागवतानाच, म्हणजे कोण इच्छुक आहे ते विचारतानाच, तीन वर्षांच्या उलाढालीची अट असते, तिथेच आमचा पत्ता कट. मग मोठी संस्था काम घेते आणि गावातलं काम आमच्याकडून करून घेते. दोन वर्षं आमची पोरं हिंगोलीच्या उन्हात फिरली, अनुभवाचा दाखला मात्र त्यांच्या नावावर. पुढच्या निविदेत आमचा अनुभव परत शून्य. सल्लागारांच्या संघटना नियमांसाठी झगडतात तेव्हा ही अट आधी काढायला सांगतात का, ते मला बघायचंय.

एक वाचक, औसा
माझी आई भूकंपानंतर संवाद सहायक होती. ३० सप्टेंबर १९९३ नंतरचं पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जातूनच झालं. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात लोकसहभागासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था सल्लागार नेमली होती आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. आई वही घेऊन घरोघर जायची, कुणाची भिंत कुठे फुटली ते लिहायची. ते काम टिकलं, कारण सल्लागाराने काय करायचं ते कागदावर नीट लिहिलेलं होतं, आणि करणारी माणसं गावातलीच होती.

आज तो कागद, म्हणजे कार्यकक्षा, मुंबईत लिहितात. करारात असतं की तज्ज्ञ बदलायचा तर तितक्याच पात्रतेचा द्या. पण तो गावात आला की नाही, हे बघणारं कोण आहे? शेवटचा हप्ता ग्रामसभेत आराखडा वाचून दाखवल्यावरच द्या. नाल्याचं नाव चुकलं तर तिथली म्हातारी माणसं लगेच सांगतील.

निवृत्त उपअभियंता, लातूर
ताई, ग्रामसभेचा ठराव कसा लिहून घेतात ते मला माहीत आहे, कोरम कागदावरच पूर्ण होतो. तरी हप्त्याची अट मला मान्य. तिथे निदान चूक पकडायला दहा जण तरी असतात.

पाणलोटकर, परभणी
नांदेडकर, उलाढालीचं तुमचं खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं. गावात प्रत्यक्ष काम केलेल्या संस्थेला स्वतःच्या नावाचा दाखला मिळालाच पाहिजे, उपकंत्राटात असली तरी. पण ८०:२० मी सोडत नाही. साहेब, एकच विचारतो. समितीतल्या प्रत्येकाने दिलेले गुण कारणांसकट निकालासोबतच संकेतस्थळावर टाकले, तर तुमचा विरोध राहील का?

निवृत्त उपअभियंता, लातूर
नावासकट टाकणार असाल तर नाही राहणार. पण मग समितीवर बसायला कोण तयार होतं, ते बघू.