पांदणीत एमटी टायर चालेल, पण वर्धा रोडवर?

मिहानवाला: काल इथं कुणी ठासून लिहिलं की नागपुरात फोर बाय फोर गाडी घेतली तर एमटीच (मड-टेरेन, चिखलाचे टायर) टाका, एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचे टायर) म्हणजे पैसे वाया. वाचून डोकं उठलं. अहो, गाडी वर्षभर चालते कुठं? बहुतेक सिमेंटवर. एमटीचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. ठोकळ्यांवर बारीक चिरा नसल्यासारख्याच. पहिल्या पावसात मेट्रोच्या खांबांखाली धूळ आणि तेलाचा पातळ थर चढतो, तिथं ब्रेक दाबून बघा. माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच सरकत पुढच्या ऑटोला भिडली. वर तो घूं घूं आवाज आणि डिझेलचा खर्च वेगळाच.

उमरेडचा_पाटील: भाऊ, वावर आहे का तुमचं? जुलैत काळ्या मातीच्या पांदणीत एटी घेऊन उतरा. थोडं पुढं जात नाही तोच खाचा लिंपून जातात, टायर भाकरीसारखा गुळगुळीत होते. एमटीला जराशी रेस दिली की मातीचे गोळे मडगार्डवर फटाफट आपटतात, खाच मोकळी! आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. शेजाऱ्याची एटीवाली नाल्याच्या अलीकडेच फसली, माझी निघाली. आता मला ब्रेक शिकवता काय?

कोराडी_रोड: टायर राहू द्या, त्या सिमेंट रोडवर बोला. टायर झिजवतात ते झिजवतातच, वरून रस्ता घराच्या ओट्याहून उंच. आमच्या गल्लीत पाऊस आला की पाणी थेट हॉलमध्ये.

धरमपेठी: डांबराचे खड्डे विसरलात काय? दर पावसाळ्यात अलाइनमेंट करून करून थकलो होतो. सिमेंटनं तो त्रास तरी संपवला.

कोराडी_रोड: तुमचं घर उंचावर आहे म्हणून सुचते हे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा खालच्या वस्त्यांचं काय झालं, विचारा कुणाला.

धरमपेठी: तो पूर तलावाचा होता, नाग नदीचा होता. सगळं खापर सिमेंटवर फोडू नका.

कोराडी_रोड: नालीचा उतार न पाहता रस्ता चढवत नेला तर खापर कुणावर फोडू? तुमच्या घरातला गाळ काढायला मी येऊ काय?

उमरेडचा_पाटील: तुमची नाली तुम्ही पाहा, धागा टायरचा आहे. मिहानवाले, ओल्या रस्त्याचं म्हणता, मग साचलेल्या पाण्यात एमटीच्या खोल खाचा पाणी बाहेर फेकतात ते काहून नाही सांगत?

मिहानवाला: फेकतात, ते मान्य. पण साचलेलं पाणी वेगळं आणि नुसता भिजलेला रस्ता वेगळा. भिजलेल्यावर चिराच पकड देतात. आणि फसणं नुसतं टायरवर नसते. कन्हान नदीच्या वाळूत एमटी खड्डाच खोदते. तिथं हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणा, टायर पसरतो आणि साधी एटी निघून जाते. वर आल्यावर मात्र हवा भरा. कमी हवेनं, मे महिन्याच्या उन्हात, समृद्धीवर १२० नं गेलात तर टायरची बाजू तापून फुटेल, मग एमटी असो की एटी.

उमरेडचा_पाटील: वाळूचं ठीक आहे, मी आणली आहे हवा कमी. पण चिकणीत हवा सोडूनही खाच लिंपतेच, हे तुम्ही लिहीत नाही.

मिहानवाला: लिंपते. काळ्या मातीपुरती एमटी सरस, लिहिलं! मुरमावर आणि सुकलेल्या पांदणीत मात्र एटी पुरते. ज्याचं वावर आत आहे त्यानं एमटीचे चार टायर रिमसकट वेगळे ठेवावे, पेरणीच्या आधी चढवावे, दिवाळीत उतरवावे.

उमरेडचा_पाटील: चार रिमचे पैसे कोण देते जी? सोयाबीनचा भाव पाहिला काय यंदा?

कोराडी_रोड: आणि आमच्या गल्लीचं?