बचाव उत्तम, नेम कच्चा: अशा खेळाडूला शेवटची पाच मिनिटे कोर्टवर ठेवावे का?

रेसकोर्स रोडचा प्रेक्षक:

गेल्या रविवारी इथे इंदुरात अठरा वर्षांखालील मुलांचा बास्केटबॉलचा एक क्लब सामना पाहिला आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. आमच्या बाजूच्या एका मुलाकडे समोरच्या संघाचा सर्वांत धारदार नेमबाज सोपवला होता आणि पहिल्या तीन क्वार्टरमध्ये त्या नेमबाजाला जेमतेम ६ गुण करता आले. हा मुलगा ढकलाढकली करत नव्हता. नेमबाज आणि चेंडू यांच्या मधल्या वाटेत तो सतत एक हात लांबवून उभा राहत होता, त्यामुळे पास मिळायचा तो नेहमी दोन पावले बाहेर, रिंगपासून लांब. ड्रिबल सुरू झाले की दोन्ही तळहात वर ठेवून, पायावर पाय न टाकता, नुसता सरकत जाऊन तो छाती समोर आणत होता, म्हणून साऱ्या सामन्यात त्याच्या नावावर दोनच फाउल लागले. चौथ्या क्वार्टरची ५ मिनिटे उरली असताना आम्ही ४ गुणांनी पुढे होतो. त्याने लागोपाठ दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) चुकवले, पुढच्याच आक्रमणात कोपऱ्यात मोकळा चेंडू मिळूनही मारला नाही, आणि प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बोलावले. उरलेल्या वेळात त्याच नेमबाजाने ११ गुण केले आणि सामना आमच्या हातून गेला.

माझे मत असे आहे की हा निर्णय चुकीचा होता, आणि तो एका प्रशिक्षकाचा नसून आपल्या सगळ्यांच्या पाहण्याच्या सवयीतून आलेला आहे. चुकलेला फ्री थ्रो सगळ्यांना दिसतो, पण जो पास देताच आला नाही तो गुणपत्रकात कुठेच लिहिला जात नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, एनबीएचा इतिहास पाहा. बेन वॉलेसला १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एकाही संघाने घेतले नाही आणि फ्री थ्रोच्या रेषेवरून त्याचे शंभरातले ४१ च्या आसपास चेंडू आत गेले, तरीही तो चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. २००४ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सने लेकर्सला ४-१ असे हरवले ते त्याच्याभोवती उभ्या केलेल्या बचावाच्या बळावर. टोनी ॲलन तर गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब बाहेर खेळणारा होता आणि त्याचा बाहेरचा नेम कधीच भरवशाचा नव्हता, पण मेम्फिसकडून खेळताना २०१२, २०१३ आणि २०१५ असा तीनदा तो लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेला. अशा माणसाला सामना अटीतटीचा झाला की बाहेर बसवणे मला पटत नाही.

माजी पॉइंट गार्ड, रामबाग:

दादा, त्या मुलाच्या बचावाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यातले अक्षरही मी नाकारत नाही, पण तुम्ही प्रेक्षागृहातून पाहता आणि मी अकरा वर्षे चेंडू हातात घेऊन पाहिले आहे. ज्याचा नेम नाही त्याच्या वाट्याचा बचावपटू त्याच्याजवळ थांबत नाही. तो रिंगखाली येऊन उभा राहतो. मी माझ्या माणसाला चकवून आत शिरलो की जिथे मोकळी जागा हवी तिथे हा दुसरा हात वर करून हजर असतो. मग मी चेंडू कोपऱ्यात देतो, कोपऱ्यातला मुलगा रिंगकडे पाहतसुद्धा नाही आणि चेंडू मलाच परत देतो. तोवर एका आक्रमणाला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले सात-आठ सेकंद गेलेले असतात. नुकसान एका माणसाचे होत नाही, उरलेले चौघे पाच जणांविरुद्ध खेळतात.

टोनी ॲलनचे नाव तुम्हीच काढलेत म्हणून २०१५ ची गोष्ट सांगतो. वेस्टर्न विभागाच्या उपांत्य फेरीत मेम्फिस २-१ ने पुढे होते आणि ॲलनने गोल्डन स्टेटच्या नेमबाजांना हैराण केले होते. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटने आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट कागदोपत्री ॲलनला अडवायला दिला, म्हणजे प्रत्यक्षात ॲलनला बाहेर मोकळे सोडले आणि बोगटला रिंगखाली ठेवले. तो सामना १०१-८४ असा सुटला आणि मालिका ४-२ ने गोल्डन स्टेटकडे गेली. २०१७ मध्ये ओक्लाहोमाच्या आंद्रे रॉबर्सनचे तेच झाले. तोही बचावात नावाजलेला होता, पण ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत त्याने २१ पैकी ३ च फ्री थ्रो आत टाकले. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, समोरचा संघ एकच उणीव शोधून त्याच जागी रोज घाव घालतो.

आणि वॉलेस या वादात बसत नाही. तो सेंटर होता. त्याचे काम रिंगखाली, रिबाउंड (चुकलेला चेंडू पकडणे) आणि ब्लॉक (फेक हाताने अडवणे) यांचे होते, त्यामुळे तो बाहेरून मारत नाही याची अडचण कोणाला होत नव्हती. गार्डची गोष्ट वेगळी आहे.

विद्यार्थी, भंवरकुआँ:

मला दोघांचेही पटते, पण एक विचारतो. रविवारी तो मुलगा बाहेर गेल्यावर आपल्या संघाचे गुण वाढले होते का? वाढले नसतील तर त्याला बाहेर काढून मिळवले काय?

रेसकोर्स रोडचा प्रेक्षक:

नाही वाढले. त्या ५ मिनिटांत आम्ही ४ गुण केले आणि त्यातले २ फ्री थ्रोचे होते.

हाच मुद्दा २०१५ च्या मालिकेलाही लागू आहे. पाचव्या सामन्यात ॲलन मांडीच्या दुखापतीमुळे खेळलाच नाही. म्हणजे ज्याच्यामुळे आक्रमण अडत होते असे आपण म्हणता तो माणूस कोर्टवर नव्हता, आणि मेम्फिसचे गुण ८४ वरून ७८ वर आले. त्यांचे आक्रमण मुळातच अडखळणारे होते. ॲलन होता तेव्हा निदान समोरच्यांचेही अडखळत होते. वॉलेसबद्दल मात्र आपले म्हणणे मी मान्य करतो, ते उदाहरण मी घाईने दिले.

निवृत्त प्रशिक्षक, लोकमान्य नगर:

दोन्ही बाजूंनी एनबीएची उदाहरणे आली, पण आपले सामने फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी होतात आणि या प्रश्नात नियमांचा फरक फार मोठा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एनबीएत बचाव करणारा खेळाडू कोणालाही जवळून न अडवता रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. हा नियम २००१ पासून आहे. फिबात असे बंधन नाही. आपल्याकडे ज्याला मोकळे सोडले त्याचा बचावपटू पूर्ण चोवीस सेकंद रिंगखाली पाय रोवून उभा राहू शकतो, म्हणजे रामबागेच्या गार्डने सांगितलेली अडचण आपल्या कोर्टवर एनबीएपेक्षा जास्त जाणवते.

आता उलट बाजू. एनबीएत रॉबर्सनसारख्याला मुद्दाम फाउल करून रेषेवर पाठवण्याची युक्ती चालून गेली. फिबात चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न न करता असे धरले तर पंच ‘अनस्पोर्ट्समनलाइक’ (खेळभावनेला न शोभणारा) फाउल देऊ शकतात, आणि मग दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही मिळतो. म्हणून शेवटच्या मिनिटांत त्या मुलाच्या हातात चेंडू राहू दिला नाही तर त्याच्या फ्री थ्रोची भीती बरीच कमी होते.

पुष्कळ जण सुचवतात की आक्रमणाला नेमबाज ठेवा आणि बचावाला हा मुलगा आत घ्या. कागदावर हे सोपे दिसते. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत बास्केट झाल्यावर खेळाडू बदलण्याची संधी मिळते ती ज्याच्यावर बास्केट झाली त्या संघाला. आपण बास्केट केली की आपल्याला बचावपटू हवा असतो, आणि नेमके तेव्हा समोरच्या संघाने बदल किंवा टाइमआउट मागितला तरच आपल्याला बदल करता येतो. याच चुकीने माझा एक सामना गेला आहे. बचावपटू टेबलापाशी बदलाची वाट पाहत उभा, शिट्टी वाजलीच नाही, आणि ज्याला अडवायचे होते त्याने त्याच्या डोळ्यांसमोर बास्केट केली.

माजी पॉइंट गार्ड, रामबाग:

सर, बदलाचा हा नियम मी इतकी वर्षे खेळूनही नीट ध्यानात घेतला नव्हता. आभारी आहे. पण तुमच्या पहिल्या मुद्द्याने माझीच बाजू बळकट होते.

मुलीची आई, सुदामा नगर:

मी तज्ज्ञ नाही, पण माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि ती त्या मुलासारखीच खेळते, म्हणून लिहिते. तिच्या संघात तिला दोन वर्षे एकच वाक्य ऐकवले गेले: तू मारू नकोस, पास दे. आता कोपऱ्यात चेंडू आला की तिचे हात आधी आखडतात आणि मग ती विचार करते. तुम्ही सर्वजण लिहिता की त्या मुलाने चेंडू मारला नाही. त्याला कोणी मारायला सांगितले होते का, हे विचारावेसे वाटते.

घरी आम्ही एक वही ठेवली आहे. शाळेआधी ती पन्नास फ्री थ्रो मारते. ताजेतवाने असताना तीस-एकतीस आत जातात. कोर्टच्या पाच फेऱ्या पळवून लगेच मारायला लावले की तोच आकडा बावीसवर येतो, आणि चुकलेले बहुतेक चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडतात. गुडघे वाकत नाहीत आणि सारा भार मनगटावर येतो. सामन्यात रेषेवर उभी राहणारी मुलगी ही पाच फेऱ्यांनंतरची असते, आणि ज्या मुलीने चाळीस मिनिटे समोरच्या संघाच्या सर्वांत वेगवान खेळाडूमागे धावायचे तिचे पाय तर सर्वांत आधी जड होतात. त्यामुळे तिचा नेम आणि न धावणाऱ्या मुलीचा नेम एकाच मापाने मोजू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

निवृत्त प्रशिक्षक, लोकमान्य नगर:

ताई, पुढच्या कडेचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. तिला थकल्यावरच दहा-दहाच्या फेऱ्यांत मारायला लावा. ब्रूस बोवेनचे उदाहरण तिला जरूर सांगा. सॅन अँटोनिओचा हा खेळाडू बचावासाठीच संघात होता. त्याने बाहेरून मारण्यासाठी एकच जागा पक्की केली, कोपरा, आणि २००२-०३ च्या हंगामात तीन गुणांच्या फेकींत ४४.१ टक्क्यांसह तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. त्याच हंगामात त्याचे फ्री थ्रो होते ४०.४ टक्के. त्या वर्षी सॅन अँटोनिओ विजेते ठरले.

रेसकोर्स रोडचा प्रेक्षक:

ताईंच्या लिहिण्याने माझ्या लक्षात आले की मी त्या मुलाला जसा आहे तसाच गृहीत धरून वाद घालत होतो.

तरीही आज, आहे त्या नेमासह, त्याला आक्रमणात कुठे उभे करावे हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते कोपरा ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा होती. २०२२ मध्ये गोल्डन स्टेट विजेते झाले तेव्हा गॅरी पेटन दुसरा हा ६ फूट २ इंचांचा गार्ड अनेकदा मोठ्या खेळाडूसारखा वापरला गेला. तो नेमबाजाला स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहायचा, आणि लगेच रिंगकडे कट मारायचा. ज्याला मोकळे सोडले आहे त्याचा बचावपटू लांब उभा असतो, म्हणजे त्याने स्क्रीन लावली तर नेमबाजाकडे धावून यायला जवळ कोणीच नसते. समोरच्यांनी त्याला सोडलेले अंतर असे आपल्याच उपयोगी पडते. आमच्या संघाने रविवारी हे एकदाही करून पाहिले नाही. त्याला कोपऱ्यात उभे केले आणि त्याने न मारल्याबद्दल त्यालाच बाहेर बसवले.

माजी पॉइंट गार्ड, रामबाग:

स्क्रीनचे मला पूर्ण पटले. असा मुलगा स्क्रीन लावून आत वळला असता तर मी त्याला दहापैकी दहा वेळा पास दिला असता. ताईंचेही पटले, आणि मी स्वतः कर्णधार असताना एका जोडीदाराला ‘तू मारू नकोस’ म्हटले होते हे आठवून वाईट वाटले.

पण माझी एक अट कायम आहे. २०२१ च्या जूनमध्ये अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात फिलाडेल्फियाचा बेन सिमन्स रिंगखाली जवळजवळ मोकळा होता आणि त्याने स्वतः न जाता चेंडू दुसऱ्याला दिला. तो त्या वर्षी बचावपटूंच्या पहिल्या संघात होता. त्या प्लेऑफमध्ये त्याचे ७३ पैकी २५ च फ्री थ्रो आत गेले होते, आणि रेषेवर जावे लागेल म्हणून तो रिंगकडे जायलाच कचरू लागला असे मला ते पाहताना वाटले. फिलाडेल्फिया १०३-९६ ने हरले. चुकलेल्या चेंडूचा रिबाउंड तरी घेता येतो, न मारलेल्या चेंडूचे काहीच करता येत नाही.

म्हणून पुढच्या सामन्यात तो मुलगा पहिल्या तीन क्वार्टरमध्ये दोनदा तरी, चुकला तरी चालेल, न बिचकता रिंगकडे गेला नाही, तर शेवटच्या ५ मिनिटांत मी त्याला बाहेरच ठेवीन. गेला तर तुमच्याआधी मी त्याला कोर्टवर ठेवा म्हणेन.

रेसकोर्स रोडचा प्रेक्षक:

दोनदा ही अट मला जाचक वाटते, कारण त्याच्याकडे चेंडू किती वेळा येतो हे त्याच्या हातात नाही. एकदा म्हणा, मी मान्य करतो. पुढचा सामना शनिवारी सहाला आहे. आपण या, शेजारी बसून मोजू.