मदत हवी आहे: होमस्कूलिंगवाल्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन

आम्ही पुण्यातली सात-आठ होमस्कूलिंगवाली घरं मिळून 28 फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, मुलांचं छोटं प्रदर्शन करायचं म्हणतोय. पोरं 6 ते 14 वर्षांची, इयत्तेची भानगड नाहीच, मग गट कसे पाडायचे? माझ्या लेकाने लाल कोबीचं पाणी काढून घरातलं सगळं आम्ल आहे की अल्कली ते तपासलंय, लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं, ओटा अजून जांभळा आहे तो वेगळाच. पण नुसत्या बाटल्या मांडून काय उपयोग, बघायला येणाऱ्यांना स्वतः करून बघता यायला हवं ना. सोसायटीचा हॉल मिळतोय, प्लग मात्र दोनच. नंबर काढायला माझा विरोध आहे, काही पालकांना बक्षीस हवंच. परीक्षक न ठेवता असं कोणी केलंय का? मग मुलांना प्रश्न कोण विचारतं?