शिवराक मंडळ आणि नुस्तेकान्नीचा हॉर्न

कवळेकर: आमच्या वाड्यावर (फोंडा तालुका, गोवा) गेल्या वर्षी दहा-बारा घरांनी मिळून शाकाहार मंडळ काढलं. सक्ती नाही, वर्गणी नाही. महिन्यातून एकदा एकत्र शिवराक (शाकाहारी) जेवण, परसातल्या बियाण्यांची देवघेव. मागच्या बैठकीत मात्र ठरलं की नुस्तेकान्नीने (मासे विकणाऱ्या बाईने) सकाळी आमच्या गल्लीत स्कूटर आणू नये. नाक्यावर तसा फलकही लावला. तेव्हापासून निम्मा वाडा आमच्याशी बोलत नाही. सोमवारी आणि चतुर्थीत नुस्तं (मासे) न खाणाऱ्यांनी आणखी चार दिवस खाऊ नये, एवढंच तर आमचं म्हणणं. यात चुकलं काय?

रापणकार: म्हणण्यात काही चुकलं नाही, फलक चुकला. जून-जुलैत मासेमारीचे ट्रॉलर बंद. त्यानंतर श्रावण, गिऱ्हाईक कमी. तिचा धंदा होतो तो उरलेल्या महिन्यांत, आणि तेव्हा तुमचा फलक! तुम्हाला नको तर दार लावून घ्या. गल्ली पंचायतीची आहे, मंडळाची नव्हे.

कवळेकर: पोटावर पाय द्यायचा हेतू नव्हता. घरातल्या म्हाताऱ्यांना वासाचा त्रास होतो म्हणून लावला.

रापणकार: त्याच म्हाताऱ्यांनी जन्मभर हुमण (माशांची आमटी) खाल्लं असेल, विचारून बघा.

पणजीचा पाव: 😄 बरोबर. गौड सारस्वत घरांतसुद्धा देवळातला नैवेद्य शिवराक आणि घरी बांगडा, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पाप वाटलं नाही कुणाला.

साखळीची सून: मी शाकाहारी आहे आणि तरी मंडळाच्या बाजूची नाही. अशाच एका मंडळाच्या जेवणाला गेले होते. पानात पनीर मसाला, सोयाबीनच्या वड्या, फ्राइड राइस. अहो, खतखतं कुठे गेलं? सुरण, नीरफणस, मक्याची कणसं, तूरडाळ, नारळाचं वाटण आणि वर ठेचलेलं तिरफळ. कांदा-लसूण लागतच नाही त्याला. मुगागाठी, अळसांद्याचं तोणाक, पावसात फागलां, तायखिळा, तेरं या रानभाज्या. हे सगळं शिवराक, आणि मासे खाणारा माणूसही दुसऱ्यांदा मागून घेतो. सासूबाई तायखिळ्यात फणसाच्या बिया घालायच्या, तशी चव मला अजून जमलेली नाही. लोकांना शाकाहाराकडे आणायचं तर हे वाढा. फलकाने कोण येणार?

डिचोलीकर: चव राहू दे. 2018च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिन या रसायनावरून गोव्यात किती गोंधळ झाला, विसरलात? बाहेरची मासळी सरकारने बंद केली होती. तेव्हापासून आमच्या घरी आठवड्यातून एकदाच, तेही ओळखीच्या माणसाकडून. म्हणून मला कवळेकरांचं पटतं. फलक नव्हे, पण कमी खाणं.

पणजीचा पाव: आणि भाजी काय देवाघरून येते? बेळगावचे टेंपो दोन दिवस थांबले की आपल्या बाजारात टोमॅटो दिसत नाही. फवारणीचं कोण तपासतं?

डिचोलीकर: म्हणून तर बियाण्यांची देवघेव हे या मंडळाचं मला सगळ्यात आवडलेलं काम. फलकाच्या भांडणात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

रापणकार: ते मान्य. परसात भेंडी लावा, मीही बी घेईन. आणि एक: नुस्तं सोडताना दूध-दहीही सोडणार असाल तर बी-12चं डॉक्टरांना विचारा, ते भाजीपाल्यातून मिळत नाही. आमच्या चुलतभावाने मुंग्या येईपर्यंत दुर्लक्ष केलं.

कवळेकर: दूध-दही चालू आहे. फलकाचं रविवारच्या बैठकीत मांडतो. दोघे-तिघे अडून बसतील, कारण त्यांना हॉर्नचाच राग जास्त आहे. पण सकाळी पोदेरही (पाववाला) तसाच हॉर्न वाजवत येतो आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, हे मला आत्ता लिहिताना सुचलं.

साखळीची सून: बैठकीनंतर जेवण असेल तर पनीर नको. तिरफळं मी पाठवते, सुकवलेली आहेत.

रापणकार: खतखतं असेल तर मी येतो. नुस्तेकान्नीलाही बोलवा.