दोष शोधा, मगच कपॅसिटर बदला

बरीच वर्षे माळ्यावर पडून असलेल्या ॲम्प्लिफायरचा डावा चॅनेल मध्येच बंद पडतो आणि आवाज वाढवताना खरखर होते, म्हणून सगळेच कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) बदलावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ती घाई ठरेल. ही लक्षणे बहुतेक वेळा गंजलेल्या स्विचांची असतात, आणि त्यातही टेप मॉनिटरचा, म्हणजे टेपरेकॉर्डरवरचा आवाज ऐकण्यासाठीचा, स्विच, जो वर्षानुवर्षे कोणी हलवलेलाच नसतो, तो हमखास दगा देतो. वीज बंद ठेवून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा आणि तो वीस-पंचवीस वेळा पुढेमागे करावा. व्हॉल्यूमच्या बटणामागील पोटेन्शिओमीटरलाही (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधालाही) हाच उपाय लागू पडतो. (शिवणयंत्राचे तेल मात्र कृपया घालू नये.)

दुरुस्तीनंतर यंत्र थेट विजेला न जोडता मध्ये तारेचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, १०० वॅटचा दिवा एकसरीत जोडावा. एलईडी येथे उपयोगाचा नाही. दिवा क्षणभर लख्ख पेटून मंदावला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून लगेच वीज तोडावी. त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवरील डीसी व्होल्टेज मोजावे. ते साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडावेत, अन्यथा स्पीकरमधील व्हॉइस कॉइल (तारेचे वेटोळे) जळू शकते. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करावी.