डाळ शिजेना म्हणून

(पुण्यात सिंहगड रोडवरच्या आमच्या ७२ फ्लॅटच्या सोसायटीचा ग्रुप, मे महिन्यातला एक रविवार. 'शुभ सकाळ'ची फुलं आणि दोन डिलीट केलेले मेसेज गाळले आहेत.)

बी-३०४ (८:१२): कोणाकडे पाण्याची चव बदललीय का? काल तूरडाळीला पाच शिट्ट्या दिल्या, तरी डाळ वेगळी नि पाणी वेगळं. डाळ जुनी दिली म्हणून मी दुकानदाराशी भांडूनही आले.

ए-१०२ काकू (८:१५): अगं मी दोन महिने चिमूटभर सोडा घालतेय. मला वाटलं कुकरची रिंग गेली. नवीन आणली, १८० रुपयांची.

सी-५०१ (८:१६): मचूळ लागतं. कोऱ्या चहावर तवंग येतो. आम्ही एप्रिलपासून जारच आणतो. ५० रुपयाला २० लिटर, महिन्याला दहा.

बी-२०३ (८:१७): माझ्या जागेत पांढरी गाडी कोणाची आहे???

सेक्रेटरी (८:१८): पार्किंगचं पार्किंगच्या ग्रुपवर टाका ही नम्र विनंती.

ए-४०४ (८:२१): आमच्याकडे काही त्रास नाही. आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २२. एकदम गोड पाणी.

बी-३०४ (८:२२): दादा, मी डाळ आरओच्या पाण्यात शिजवत नाही हो. ते प्यायलाच पुरत नाही.

सी-२०२ (८:२५): आमच्या आरओचा मेम्ब्रेन वर्षात दुसऱ्यांदा गेला. सर्व्हिसवाला म्हणाला, "सर, तुमच्याकडे बोअर आहे का?" मी म्हटलं नाही, आम्ही खडकवासला धरणाचं पितो. तो नुसता हसला.

सेक्रेटरी (८:३०): पिण्याच्या टाकीत पालिकेचं पाणी आणि टँकर, एवढंच येतं. बोअर फक्त फ्लश आणि बागेला. कृपया अफवा पसरवू नयेत.

ए-३०१ (९:०५): काका, माझ्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचं टीडीएस पेन आहे. मोजून सांगते.

ए-३०१ (९:४८): पालिकेची लाइन जिथे आत येते तिथे ८६. बागेतला बोअरचा नळ ६१२. आमच्या स्वयंपाकघरातला नळ ३४०.

ए-४०४ (९:५०): ३४० म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या ५०० च्या मर्यादेच्या आतच आहे. पास.

ए-३०१ (९:५३): पास-नापास नंतर. ८६ आणि ६१२ मिसळून ३४० येतात म्हणजे जवळपास निम्मं पाणी बोअरचं आहे.

सी-२०२ (९:५५): टँकरचं पाणी पण बऱ्याचदा विहिरीचंच असतं की. ते धरलंस का?

ए-३०१ (९:५६): नाही धरलं. खरंय.

सेक्रेटरी (१०:०२): चार दिवसांत एकही टँकर आलेला नाही. रजिस्टर माझ्यासमोर आहे.

बी-३०४ (१०:०३): गुरुवारी पालिकेचं पाणी नव्हतं. टँकरही नाही. मग टाकी भरली कशाने?

(इथे ग्रुपवर वीस मिनिटं सामसूम. आमच्या ग्रुपवर असं सहसा होत नाही.)

सेक्रेटरी (१०:२४): खाली जाऊन बघून आलो. बोअरच्या लाइनचा बायपास खालच्या टाकीत उघडा आहे. मार्चअखेर पाणी कमी पडलं तेव्हा मीच वॉचमनमामांना सांगितलं होतं, "तात्पुरतं सोडा." बंद करायला सांगायचं राहून गेलं. चूक माझी. मामांना कोणी बोलू नये.

सी-५०१ (१०:२६): म्हणजे टँकरचं बिल ९६ हजारांवरून ६० हजारांवर आलं, मीटिंगमध्ये आपण टाळ्या वाजवल्या, ते हे होतं?

सी-२०२ (१०:२७): मी तर अनुमोदन दिलं होतं.

सी-५०१ (१०:३१): १२०० चा टँकर, महिन्याला ३० टँकर कमी. ३६ हजार भागिले ७२ म्हणजे फ्लॅटमागे ५०० वाचले. माझे जारचे ५००. हिशेब चुकता.

ए-१०२ काकू (१०:३३): पण बोअरचं पाणी वाईट का? आमच्या गावी विहिरीचंच पाणी होतं. सत्तर वर्षांची झाले की मी.

बी-००२ काका (१०:५०): वहिनी, वाईट नाही, जड आहे. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या भेगांतून मुरत जाताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं जे पेक्टिन असतं त्याला कॅल्शियम घट्ट धरतं, मग कितीही शिट्ट्या द्या. तुमचा सोडा ती पकड ढिली करतो. आपल्या आया 'या विहिरीला डाळ शिजत नाही' म्हणायच्या, ते अगदी बरोबर होतं. डाळीला एक विहीर आणि धुण्याला दुसरी, असं आमच्या गावात ठरलेलंच असे.

बी-३०४ (१०:५२): आणि पाणी उकळल्यावर तळाला पांढरं बसतं ते?

बी-००२ काका (१०:५५): तेच क्षार. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट उकळताना कार्बोनेट होऊन खाली बसतं. ते पोटात गेलं तर काही होत नाही. गिझरच्या कॉइलवर बसलं की मात्र वीजबिलात दिसतं.

ए-४०४ (१०:५८): मग सगळ्यांनी आरओ लावा, विषय संपला.

ए-३०१ (११:०१): दादा, तुमच्या आरओची सांडपाण्याची नळी एकदा बादलीत सोडून बघा. आमच्याकडे एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया गेलं. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नकोच, असं हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. ८६ च्या पाण्याला आरओ म्हणजे टँकर विकत घेऊन गटारात ओतणं.

ए-४०४ (११:०२): आम्ही त्या पाण्याने फरशी पुसतो.

ए-१०२ काकू (११:०३): म्हणून तुमच्या फरशीवर पांढरे डाग!

बी-००२ काका (११:४०): आता माझं जरा ऐका. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्यात. ते पेन फक्त विरघळलेले क्षार सांगतं, तेही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून अंदाजाने. जंतू त्याला दिसत नाहीत. २२ च्या पाण्यात ई. कोलाय असू शकतो आणि ६१२ च्या पाण्यात नसूही शकतो. चवीचंही तेच. गोड लागलं म्हणजे शुद्ध असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसच्या (मज्जातंतूंच्या त्या आजाराच्या) साथीच्या वेळी याच रस्त्यावर आपण सगळे पाणी उकळून पीत होतो. तेव्हा टीडीएस कोणी विचारला होता?

माझ्या कपाटात अजून ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची बाटली आहे. आत्ता तीन ठिकाणी तपासलं. नळाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळं होतं. पालिकेच्या लाइनवर छान पिवळं आलं. बोअरला काहीच नाही, ते अपेक्षितच होतं. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या नळालाही काहीच नाही. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा, म्हणजे टाकीत पुढे काही शिरलं तर तो मारतो. आपण त्यात निम्मं बिनक्लोरीनचं पाणी ओतून तो पातळ केला, उरलेला टाकीतल्या गाळाने खाल्ला. खारट चवीचं मला काही वाटत नाही, याचं वाटतं.

बी-३०४ (११:४४): काका, टाकी शेवटची कधी धुतली होती?

सेक्रेटरी (११:४९): दिवाळीच्या आधी.

सी-२०२ (११:४९): कोणत्या?

सेक्रेटरी (११:५५): बघून सांगतो.

सी-१०१ (१२:१०): मी भाडेकरू आहे, बोलू की नको माहीत नाही. मेंटेनन्सबरोबर पाण्याचे पैसे मीही देतो. ठाण्याला होतो तेव्हा गिझर आठ वर्षं टिकला, इथे दीड वर्षात गेला. मालक म्हणतात, वापरणाऱ्याने भरायचं.

ए-१०२ काकू (१२:१२): बोला हो, बोला. पाणी काय मालकाच्या नावावर येतं का.

सी-५०१ (१२:२०): लिटरचा भाव काढला. जार अडीच रुपये. टँकर बारा पैसे. बोअर म्हणजे पंपाची वीज तेवढी. पालिकेची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच असते, नळ किती वेळ सोडला याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून ते पाणी फुकट वाटतं आणि त्यानेच आपण गाड्या धुतो.

बी-२०३ (१२:२१): गाडीवरून आठवलं, ती पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

सेक्रेटरी (१:०५): बायपास बंद केला. हँडल काढून माझ्याकडे ठेवलंय. दोन्ही टाक्या बुधवारी धुणार, सकाळी ९ ते ४ पाणी नाही, भरून ठेवा. टँकर वाढतील, बिल पुन्हा ९६ च्या घरात जाईल. आज कोणी तक्रार केली नाही, जूनमध्ये बिल आल्यावर करतील.

बी-००२ काका (१:१०): धुतल्यावर टाकीत टीसीएल मी घालीन, हजार लिटरला ५ ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणीच टाकीत सोडायचं. मग अर्धा तास नळ उघडायचा नाही. टँकर आला की दर वेळी ओटी. बाटली वॉचमनमामांकडे ठेवतो, त्यांना दाखवतो कसं करायचं ते. आणि जंतूंच्या तपासणीला नमुना पाठवा. बाटली लॅबकडूनच निर्जंतुक आणायची. कोल्ड्रिंकची बाटली विसळून पाठवाल तर अहवाल त्या बाटलीचा येईल.

ए-४०४ (१:१४): क्लोरीनचा वास येतो पण. चहा बिघडतो.

बी-००२ काका (१:१६): प्यायचं पाणी रात्री पातेल्यात भरून जाळी झाकून ठेवा, सकाळपर्यंत वास उडतो. नाहीतर माठ. वास येतोय तोवर मला झोप लागते.

बी-३०४ (२:४०): पालिकेच्या लाइनवरून एक बादली वर आणली होती. तीच डाळ, त्याच पुड्यातली. तीन शिट्ट्या. घोटावी पण लागली नाही.

ए-१०२ काकू (२:४३): दुकानदाराची माफी माग हो. आणि जातेसच तर विचार, १८० ची रिंग परत घेतो का. एकदाच लावलीय.