नवा वेगवान राउटर घेऊन पैसे वसूल झाले का? (अनुभव लिहा)

रानमोगरा: काल माळा आवरताना निळी घडीची खुर्ची सापडली. २०२० साली लेक हीच घेऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरामागच्या डोंगरावर ऑनलाइन शाळेला बसायची, पावसात मी छत्री धरून मागे उभी. आता फायबर दारात आलंय, शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि तीच बाय म्हणते, "आई, वायफाय स्लो, वायफाय सिक्सवाला राउटर घे." म्हणजे वायफायची सहावी पिढी. साडेचार हजार! तिचा बाबा म्हणतो, परत डोंगरावर पाठव. कुणी घेतलाय का?

चिरेबंदी: डिचोलीला, सासऱ्यांचं घर. राउटर वसरीत. सोफ्यावर ९३ एमबीपीएस, राजांगण (घरामधलं अंगण) ओलांडून माजघरात गेलं की ६. दीड हात चिऱ्याची भिंत, वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पलीकडे पोचतच नाही, २.४ चा कसाबसा. सहा हजारांचा नवा आणला. सोफ्यावर ९५, माजघरात ८. म्हणजे सहा हजारांत दोन एमबीपीएस. नवऱ्याने आठवडाभर हिशेब ऐकवला. शेवटी लॅन केबल ओढली आणि जुनाच राउटर माजघरात अॅक्सेस पॉइंट (केबलचं नेट तिथे वायफायने देणारा डबा) म्हणून लावला. आता तिथे ८५. भोक पाडायच्या आधी गवंडी म्हणाला, "चिरो फुटलो जाल्यार म्हाका सांगू नाकात."

म्हापशेकर: मोगराताई, आधी जुन्या राउटरचे केबल लावायचे पोर्ट बघा. १०/१०० लिहिलं असेल तर शंभराच्या वर जाणारच नाही. मी ३०० च्या प्लॅनचे पैसे आठ महिने भरले, मिळायचे ९४. कंपनीशी भांडून घसा बसला, दोष माझ्याच डब्यात. गिगाबिट (१००० च्या) पोर्टवाला घेतला, त्याच संध्याकाळी २८०. माझे वसूल. तुमचा प्लॅनच शंभरचा, तुम्ही कशाला घेताय?

बांगडा_फ्राय: तीन आठवड्यांचा नवा राउटर विजेने गेला. आता गडगडलं की आई आधी प्लग काढते, मग कपडे.

रानमोगरा: आमच्या सासूबाई पण! ढग दिसला की नेट बंद 😀

चिरेबंदी: @बांगडा फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. अडॅप्टरमधून आली असणार.

बांगडा_फ्राय: हो, अडॅप्टरच काळा पडलेला. आणि काय तो वास.

वास्कोचा_पाव: फ्लॅट. फोनवर शेजाऱ्यांची १७ वायफाय दिसतात, निम्मी एकाच चॅनलवर (६), म्हणजे गर्दी. एकाचं नाव "मागू नको". मी २.४ चा चॅनल ११ केला, फुकटात फरक पडला. वरच्या मजल्यावर कुणी मायक्रोवेव्ह लावला की मीटिंगमध्ये माझा चेहरा अजूनही थिजतो हा भाग वेगळा. आणि लेकीचा फोन कुठला ते बघा. माझ्या जुन्या फोनला वायफाय ६ नाहीच, नव्या राउटरवरही तो तसाच पळतो.

सोलकढी: विषय सोडून, शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्या आल्या का? पुरुमेंत (पावसाळ्याची साठवण) भरायचंय.

म्हापशेकर: आल्यात. भाव ऐकून राउटर स्वस्त वाटेल.

पेडणेकर_काका: मेशचे (एकमेकांना सिग्नल पुढे देणारे) तीन डबे घेतले, तिसरा मुलाने न्हाणीघराच्या पलीकडे ठेवला, जिथे सिग्नलच नव्हता. त्याला मिळतच नव्हतं तर तो पुढे काय देणार! अर्ध्या वाटेवर आणला तेव्हा चालू झालं. मुलगा इंजिनिअर आहे.

वास्कोचा_पाव: काका 😂

रानमोगरा: पोर्टवर १००० लिहिलंय, म्हणजे तो प्रश्न नाही. पण राउटर फ्रीजच्या मागे होता! फिटिंगवाल्याला प्लग तिथेच मिळाला म्हणून. काढून दारावरच्या फळीवर ठेवला, लेकीच्या खोलीत ११ चे ४० झाले. ती म्हणते अजून हवं. खुर्ची धुऊन अंगणात वाळत ठेवली आहे.

सोलकढी: किलोचा भाव सांगा ना कुणीतरी.